वाम खाईना गेलीय? औषधाची बाटली उघडायच्या आधी हे बघून घ्या

उन्हाळा लागला की माझ्या फोनवर एकच मेसेज वेगवेगळ्या गावांहून येतो, "भौ, वाम खाईनाच गेलीय." कधी लातूर, कधी जालना. एकदा तर लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्यानं वरणाचा हात धुवायच्या आधी मोबाइल पुढं केला, व्हिडिओ दाखवायला. मी परभणीत अकरा वर्षं झाली मोठ्या वामी पाळतोय, माझ्या टाकीत हा घोळ सात-आठदा झालाय, दुसऱ्यांच्या टाक्यांचा हिशोब ठेवला नाही. म्हणून आता एकदाच बैजवार लिहून ठेवतोय.

वाम म्हणजे आपल्या गोदावरीत, पूर्णेत, नाथसागरात सापडते तीच सापासारखी लांब मासळी, पाठीवर काट्यांची रांग असलेली. शास्त्रातलं नाव मास्टासेम्बेलस आर्माटस. नीट वाढली तर ९० सेंटिमीटर, म्हणजे चांगली तीन फूट होते. दुकानात लाल पट्ट्यांची फायर ईल मिळते ती थायलंड-इंडोनेशियाकडची, ती मीटरभर जाते, खालचं सगळं तिलाही लागू. ईल म्हणतात पण खऱ्या ईल ह्या दोघीही नाहीत, घराणंच वेगळं. (आमच्या आईला ह्यातलं काही पटत नाही, दरवर्षी श्रावण संपला की ती विचारते, हिचं कालवण कधी करायचं.)

लक्षणं

टाकलेलं खाणं सकाळी तसंच वाळूवर पडलेलं, कोळंबीचा तुकडा पांढरा पडून त्याला बुरा आलेला. वाम वाळूत पूर्ण गाडून घेते, नुसतं नाकाचं टोक बाहेर, किंवा तेही नाही. नाहीतर ह्याच्या उलट, दिवसाढवळ्या काचेला लागून वर-खाली वर-खाली पोहत राहते, थांबतच नाही. काही वेळा पाण्याच्या वरच्या थराला नाक लावून लटकते. रात्री झाकणाला धडका मारल्याचा आवाज येतो. अंगाचा रंग उडतो, नक्षी फिकी पडते, पाइपाला अंग घासते. आणि लई दिवस झाले असतील तर डोक्याच्या मागं पाठीवरचं मांस उतरतं, वरून बघितलं की पाठ सुरीच्या पात्यासारखी दिसते.

ह्यात नुसतं "खात नाही" असेल आणि बाकी काही नसेल तर घाबरू नका, चांगली भरलेली मोठी वाम आठ-दहा दिवस उपाशी राहिली म्हणून काही बिघडत नाही. पण श्वास जोरात चाललाय, वर येऊन लटकतेय, असं असेल तर मधलं सगळं सोडून आधी एअर पंप वाढवा आणि थेट पाण्याच्या भागावर जा. अंगावर लाल चट्टे किंवा जखम असेल तर सगळ्यात शेवटचा भाग वाचा, मधल्या गोष्टींत वेळ घालवू नका.

आता फुकटातल्या गोष्टींपासून सुरू करू.

१. वाम टाकीत आहे का?

हसू नका. एका दोस्तानं पाच दिवस "वाळूतून वर येईना" म्हणून रोज फोन केला, मी रोज वेगवेगळे उपाय सांगितले, सहाव्या दिवशी झाडू मारताना फ्रिजच्या मागं दोरीसारखी वाळलेली सापडली. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न हाच.

वाम पळून जाण्यात एक नंबर आहे. तुमचा अंगठा जिथून जातो तिथून ती जाते. फिल्टरच्या पाइपासाठी झाकणाला पाडलेली खाच, हीटरच्या वायरची फट, कोपऱ्यातला फिडिंगचा दरवाजा, सगळ्यात स्पंज कोंबा आणि झाकणावर वजन ठेवा. पाणी काठापासून चार बोटं खाली ठेवा. बघायचं असेल तर काठीनं वाळू उकरू नका, रात्री लाइट बंद करून अर्ध्या तासानं मोबाइलच्या टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावून बघा, लाल उजेडाला ती बिचकत नाही.

माझी स्वतःची एकदा रात्री तीन वाजता न्हाणीत सापडली. पाणी प्यायला उठलो तर हॉलपासून न्हाणीपर्यंत फरशीवर ओला पट्टा, जसा कुणी भिजलेला नाडा ओढत नेलाय. ओल्या वासाच्या मागं गेली असेल. जिवंत होती, अंग ओलं असलं की पाण्याबाहेर बराच वेळ तग धरते. ओल्या टॉवेलमधे धरून परत टाकली. नागड्या हातानं धरू नका, पाठीवरचे तीसच्या वर काटे सुटे-सुटे उभे राहतात आणि ती उलटी सरकत धरणाऱ्याच्या तळहाताला ते लावते. जाळीनंही धरू नका, काटे जाळीत अडकतात, मग जाळी कापावी लागते. झाकणाचा डबा किंवा पाइप हेच बरं.

२. उजेड आणि वेळ

ही रात्रीची आहे. दुपारी बारा वाजता पांढऱ्या फक्क एलईडीखाली खाणं टाकून "खात नाही" म्हणणं म्हणजे घुबडाला दुपारी जेवायला बोलावल्यासारखं. लाइट बंद करा, तासभर जाऊ द्या, मग टाका. नवीन आणलेली असेल तर आठवडा-दीड आठवडा ती खाणारच नाही असं धरून चाला, त्या काळात टाकीवर टकटक नाही, पाहुण्यांना दाखवणं नाही, लेकरांना सांगून ठेवा.

आणि लपायला जागा आहे का बघा. दोन-अडीच इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा, तिच्या लांबीएवढा, प्लंबरकडं उरलेला फुकट मिळतो. कडा पॉलिश पेपरनं घासून घ्या. जी वाम लपू शकते ती बाहेर येते, जिला लपायला जागा नाही ती बाहेर येतच नाही. उलटं वाटतं पण तसंच आहे.

३. घरात काय फवारलं?

हे कुणी विचारतच नाही. डासाची कॉइल, लिक्विड, झुरळाचा स्प्रे, गल्लीत आलेली धुराची गाडी. ह्यातली बरीच औषधं पायरेथ्रॉइड जातीची असतात, माणसाला फार काही करत नाहीत पण माशाला विष आहेत, आणि एअर पंप काय करतो, खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. पावसाळ्याच्या तोंडाला "अचानक सगळे मासे वेडेवाकडे पोहायलेत" असा फोन आला की मी आधी कॉइल विचारतो. पंप ज्या खोलीत आहे तिथं काही लावू नका. धुराची गाडी आली तर पंप अर्धा तास बंद आणि टाकीवर ओली चादर. लावून बसला असाल तर पंप दुसऱ्या खोलीत हलवा आणि पाव पाणी बदला.

४. थर्मामीटर

शंभर-दीडशे रुपयाची वस्तू, आणि अर्ध्या लोकांकडं नसते. वामीला २४ ते २८ डिग्री बरं वाटतं. आपल्याकडं मे महिन्यात बाहेर ४३-४४, पत्र्याच्या खोलीत टाकी असेल तर पाणी ३३-३४ वर जातं. तिथं दोन गोष्टी एकदम होतात. पाणी गरम झालं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, २५ डिग्रीला लिटरमागं साधारण ८.३ मिलिग्रॅम तर ३५ ला ६.९ च्या आसपास. आणि त्याच वेळी माशाचं अंग तापून त्याची ऑक्सिजनची गरज वाढते. म्हणजे आवक कमी अन् खर्च जास्ती. अशात ती जेवण सोडते, आपणही सोडतोच की, मे महिन्याच्या दुपारी कोण पुरणपोळी खातं.

उपाय महाग नाही. झाकणाच्या जागी नायलॉनची जाळी घट्ट ताणून बसवा, चारी बाजूनं क्लिपा लावून (घट्ट, नाहीतर पहिला भाग परत वाचा), आणि टेबल फॅन तिरपा करून पाण्यावर वारा सोडा. आपली हवा कोरडी असल्यामुळं पाणी लवकर उडतं आणि उडताना गारवा देतं, माठाचं तेच. माझ्याकडं ह्यानं ३-४ डिग्री उतरतं. समुद्राकाठच्या दमट हवेत इतकं उतरत नाही, तेवढं एक आपलं नशीब बरं. बर्फाची लादी थेट टाकू नका, एकदम धक्का बसतो. बाटलीत पाणी गोठवून बाटली तरंगत ठेवा, तीही दिवसातून एकदाच.

थंडीतही हेच उलटं. जानेवारीत परभणीचा पारा दहाच्या खाली जातो, पाणी १८ वर आलं की वाम खाणं निम्म्यावर आणते, कधी बंदच करते. देशी वाम ते काढते, फायर ईल नाही काढत, तिला हीटर लागतोच. हीटरला प्लास्टिकची जाळी घाला, वाम त्याला वेटोळं घालून बसते आणि भाजून घेते, मी बघितलंय.

५. खाणं बदलून बघा

वामीला पॅकेटमधले दाणे खायला शिकवणारे लोक आहेत, मी त्यातला नाही. ती वासावर जगते. तिचं नाक जवळून बघा एकदा, वरच्या ओठाच्या पुढं एक मऊ बोटासारखं टोक, त्याच्या दोन बाजूंना दोन बारक्या नळ्या, त्या नाकपुड्या. गांडूळ पाण्यात पडलं की आधी डोळे हलत नाहीत, ते टोक हलतं, वाळू चाचपत चाचपत येतं, गांडुळाला नुसतं लागतं, थांबतं, आणि मग सट्कन. दिसतसुद्धा नाही कधी गिळलं.

तर अडून बसलेल्या वामीला पहिलं औषध गांडूळ. पण कुठलं गांडूळ ह्यात लोक फसतात. गांडूळखताच्या बेडमधली लालसर चपळ गांडुळं फुकट मिळतात म्हणून आणतात, आणि वाम तोंडात घेऊन थुंकते. ती गांडुळं दाबली की पिवळसर उग्र वासाचा रस सोडतात, बऱ्याच माशांना तो चालत नाही. एकदा तोंड कडू झालं की मग दोन दिवस ती दुसऱ्या गांडुळालाही हात लावत नाही. आपल्याला पाहिजे काळ्या मातीतलं साधं, मातकट रंगाचं. उन्हाळ्यात रानाला भेगा पडलेल्या असतात तेव्हा ते शेतात शोधू नका, मोरीच्या सांडपाण्याजवळ, केळीच्या बुडाशी, हापशाच्या आजूबाजूला मिळतं. जिथं साबणाचं पाणी जातं किंवा फवारणी झालीय तिथलं नको. एक दिवस ओल्या बारदान्यात ठेवा म्हणजे पोटातली माती टाकतं, मग धुऊन द्या.

गांडूळ मिळालं नाही तर ताजी कोळंबी सोलून, बोटाच्या पेराएवढे तुकडे. मीठ लावलेली, सोडे वगैरे अजिबात नाही. आणि महिनोन्महिने नुसत्या कोळंबीवर ठेवू नका, काही कोळंब्यांत आणि माशांत बी-१ जीवनसत्त्व मोडणारं एन्झाइम असतं, लई दिवस तेच खाल्लं की मासा अशक्त होतो. आलटून पालटून द्या. कोंबडीचं, मटणाचं तर काढूनच टाका डोक्यातून.

चिमट्यानं तोंडापुढं धरा, किंवा अर्ध्या इंची पाइपातून खाली सोडा म्हणजे तुकडा बरोबर तिच्या दारात पडतो. अर्ध्या तासात नाही घेतला तर काढून टाका. हे "काढून टाका" कुणी करत नाही, आणि तिथूनच पुढचा घोळ सुरू होतो.

६. पाणी

इथं खरी गोम आहे. मी बघितलेल्या दहातल्या सहा टाक्यांत शेवटी पाणीच निघालं. टेस्ट किटला पैसे लागतात म्हणून सहाव्या नंबरला घेतलंय, नाहीतर पहिल्यालाच घातलं असतं.

अमोनिया शून्य पाहिजे, नायट्राइट शून्य पाहिजे, नायट्रेट लिटरमागं ४० मिलिग्रॅमच्या आत. अमोनिया येतो कुठून, तर न खाल्लेल्या कोळंबीतून, विष्ठेतून, वाळूत मेलेल्या गोगलगाईतून. त्याला फिल्टरमधले जिवाणू खातात. आता आपल्याकडं काय होतं बघा. लाइट गेली, फिल्टर चार-पाच तास बंद, बंद डब्याच्या फिल्टरमधलं पाणी सडायला लागलं, जिवाणू गुदमरले, लाइट आली की तेच सगळं टाकीत. किंवा रविवारी माणूस उत्साहानं फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून चोळून पांढरा करतो, क्लोरीनच्या पाण्यानं जिवाणू धुऊन निघतात, आणि बुधवारी वाम खाणं सोडते. स्पंज टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळायचा, तोही मळ जाण्यापुरता. लाइट जास्त वेळ गेली तर बंद फिल्टर चालू करायच्या आधी आतलं पाणी फेकून द्या. बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा, इन्व्हर्टर असेल तर उत्तम.

आणि हा अमोनिया आपल्या पाण्यात जास्त चावतो. कारण पीएच, म्हणजे पाणी आम्ल आहे की अल्कली त्याचं माप. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी ८ च्या आसपास असतं. २५ डिग्रीला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला फक्त अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ ला तोच पाच टक्क्यांच्या वर जातो, पाणी तापलं की आणखी वाढतो. म्हणजे पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत कुणी म्हणालं की किटवर थोडा हिरवा रंग आला तर चालतंय, ते त्याच्या पाण्यात चालत असेल. आपल्याकडं मे महिन्यात, बोअरच्या पाण्यात, नाही चालत.

दुसरं क्लोरीन. टँकरच्या पाण्यात, हौदात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतात, कधी मोजून कधी अंदाजपंचे. वास आला तर नक्कीच आहे, नाही आला तरी असू शकते. ड्रममधे एअर स्टोन लावून २४ तास ठेवा, किंवा सोडियम थायोसल्फेटचे खडे टाका, दुकानदार त्याला अँटीक्लोरीन म्हणतो. क्लोरीन थेट कल्ल्यांना भाजतं, आणि वामीच्या अंगावरचे खवले इतके बारके असतात की कातडी जवळजवळ उघडीच समजा.

तिसरं टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, आणि हे उन्हाळ्याचं खास दुखणं. फॅन लावला की पाणी उडतं, माझ्या सहा फुटी टाकीतून मे महिन्यात रोज बादलीभर. उडतं ते पाणी, क्षार नाही उडत, ते खालीच राहतात. तुम्ही उडालेलं पाणी परत बोअरनं भरता, म्हणजे रोज नवीन क्षार. माझ्या बोअरचं मीटरवर ९०० च्या वर दाखवतं, एका उन्हाळ्यात टाकीचं १९०० झालं होतं आणि मी वामीला पोटाचं काही झालंय म्हणून बसलो होतो. तर उडालेलं पाणी भरायला जारचं आरओ पाणी वापरा, साधं, थंड केलेलं नाही, आणि बदलायचं पाणी नेहमीचंच. वाढलेलं टीडीएस एका दिवसात खाली आणू नका. वाम जड पाण्याला तशी घाबरत नाही, आपल्या नद्यासुद्धा काळ्या दगडातूनच येतात, पण एकदम बदललेल्या पाण्याला घाबरते. दोन दिवसाआड पंधरा-वीस टक्के, असं दोन आठवडे.

पाणी बदलायचं म्हटलं की आपल्याकडं पाणी कुठंय हाही प्रश्न असतोच. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, त्या साली तिथल्या माझ्या दोस्तानं वाम एकाला देऊन टाकली आणि टाकी विकली. म्हणाला, माणसं घागर घेऊन रांगेत उभी आणि मी माशाचं पाणी बदलू का. बरोबर होतं त्याचं. आताही एप्रिलच्या आत हिशोब करून घ्या, आठवड्याला दीडशे लिटर द्यायची ताकद नसेल तर मोठी वाम त्या वर्षी घेऊच नका. काढलेलं पाणी गटारात सोडू नका, कढीपत्त्याला, जास्वंदीला घाला, खत विकत आणायचं काम नाही.

७. वाळू

पाणी नीट आहे तरी खात नाही, आणि नाकाच्या त्या टोकाला पांढरट दिसतंय? वाळू बघा. आता नदीची वाळू मिळायला मारामार आणि भाव सोन्याचा, म्हणून लोक बांधकामावरची क्रश सँड टाकतात. ती फोडलेला काळा दगड आहे, दाण्याला कोर असते. वाम दिवसातून चार वेळा नाक खुपसून आत घुसते, म्हणजे पॉलिश पेपरवर नाक घासतेय. नाक सोललं की खाणं शोधायचं हत्यारच गेलं, आणि सोललेल्या जागी बुरशी, जिवाणू बसतात ते वेगळंच.

चिमूटभर वाळू मनगटाच्या आतल्या बाजूला घेऊन चोळा. टोचली, लाल झालं, तर ती वामीसाठी नाही. गोलसर दाण्याची नदीची वाळू, पिठाच्या नाही पण रव्याच्या चाळणीतून काढलेली, पाणी निवळ होईपर्यंत धुतलेली, तीन-चार इंच थर. आपल्या वाळूत चुनखडीचे पांढरे खडे लई असतात, त्यावर लिंबू पिळा, फेस आला तर ते पाणी आणखी जड करतात, निवडून फेका, तांदूळ निवडतो तसं. एक संध्याकाळ जाते, घरचे हसतात.

बदलताना सगळी एकदम बदलू नका, जिवाणू वाळूतही असतात. आठवड्याला एक बाजू.

८. सोबती आणि जागा

ह्यात थोडक्यात. दुकानात "सकर" म्हणून काच साफ करायला देतात तो मासा मोठा झाला की रात्री वामीच्या अंगाला चिकटून वरची बुळबुळीत चिकटी खातो. अंगावर नाण्याएवढे गोल फिके डाग दिसले तर तोच आहे, काढा. नदीत, तलावात मात्र सोडू नका, तो तिथं फार माजतो. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न हे दांडगे मासे खाणं तिच्यापर्यंत पोहोचूच देत नाहीत. दोन मोठ्या वामी एका टाकीत शक्यतो नको, एक कायम पाइपात अन् एक कायम उपाशी. आणि बोटाएवढे मासे तर ती खाते, मग तुम्ही म्हणता खात नाही, ती खाऊन बसलेली असते!

टाकी तीन फूट अन् वाम दोन फूट असेल तर वरचं सगळं करूनही ती कधी खाईल कधी नाही. लांबीपेक्षा रुंदी महत्त्वाची, तिला वळता आलं पाहिजे. सहा बाय दोन बाय दोन फूट म्हणजे काठोकाठ ६८० लिटर, नुसत्या पाण्याचंच पावणेसातशे किलो, काच, वाळू, स्टँड धरून टनाच्या जवळ. वरच्या मजल्यावर ठेवायची असेल तर आधी इंजिनिअरला स्लॅब दाखवा.

कुठं थांबायचं

एवढं करूनही खात नसेल तर लोक दुकानात जातात आणि निळी-हिरवी बाटली घेऊन येतात. थांबा. खवले बारके असल्यामुळं तांब्याची औषधं, मॅलाकाइट ग्रीन, फॉर्मेलिन वामीला दुसऱ्या माशांपेक्षा जास्त लागतात, बाटलीवर लिहिलेला डोस तिच्यासाठी लिहिलेला नसतो. निळं औषध फिल्टरमधले जिवाणूही मारतं, म्हणजे परत सहा नंबर. माणसाच्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल फोडून पाण्यात टाकणं तर बंदच करा, माझ्या डोळ्यादेखत एकानं ४० सेंटिमीटरची फायर ईल अशी घालवली.

खालचं काही दिसलं की स्वतःचं डोकं चालवणं बंद करायचं: पोटाखाली किंवा गुदद्वाराजवळ लाल चट्टे, खोल जखम किंवा खपली, फुगलेलं पोट, डोळा बाहेर आलेला, खातेय तरी वाळत चाललीय आणि पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा (हे पोटातल्या जंतांचं लक्षण असू शकतं, नदीतून धरलेल्या वामीत नवल नाही), तीन आठवडे उपाशी, किंवा दोन दिवसांत दुसरा मासाही गेला. थंडीत बाजारातून जिवंत वाम आणून पाळणाऱ्यांनी जखमेकडं विशेष लक्ष द्या, व्रणांचा एक साथीचा रोग आहे, बुरशीसारख्या जिवामुळं होतो, भारतात १९८८ साली पहिल्यांदा दिसला आणि वाम, मरळ ह्या जातींना तो होतो. असली वाम बाकीच्या टाकीत मिसळू नका, तिची जाळी-बादलीही वेगळी.

दाखवायचं कुठं? गल्लीतल्या जनावरांच्या डॉक्टरनं माशाला हात लावला नसतो बहुतेक वेळा, त्याचा दोष नाही. उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आधी फोन करून विचारा कोण बघेल, कधी यायचं.

आणि एक थांबा माशाचा नाही, तुमचा आहे. पाण्यात हात घातल्यावर मुंग्या आल्या, झिणझिण्या आल्या तर हात काढा, मेन स्विच बंद करा, आणि इलेक्ट्रिशियन येऊन अर्थिंग आणि हीटर तपासत नाही तोवर टाकीला हात लावू नका. स्टँड कोरडं ठेवा, वायरला खाली झोळ द्या म्हणजे थेंब बोर्डात जात नाही. काचेचा सांधा पाझरायला लागला तरी वरून सिलिकॉन लावत बसू नका, पाणी निम्म्यावर आणा आणि टाकी बनवणाऱ्याला बोलवा.

डॉक्टरकडं नेताना पॉलिथिनच्या पिशवीत नेऊ नका, काट्यांनी पिशवी फुटते, आणि एसटीत तीन फुटी वाम सुटली तर काय होतं ते मी सांगायला नको. वीस लिटरचा झाकणाचा रंगाचा डबा घ्या, पण त्यात रंग कधी नसलेला, नवा. तो अर्धा टाकीच्याच पाण्यानं भरा, झाकणाला खिळ्यानं बारकी भोकं, वरून ओलं बारदान, बॅटरीचा पंप. दुसऱ्या एका स्वच्छ बाटलीत टाकीचं पाणी लिटरभर वेगळं घ्या आणि कागदावर लिहून न्या, शेवटचं कधी खाल्लं, काय खाल्लं, पाणी कधी बदललं, काय-काय औषध आधीच टाकून बसलात. शेवटचं खरं सांगा.